विमलमावशींच्या बारा सुया

विमलमावशी मुलांना सुया वाटताना मोठ्याने मोजत. "एक, अनुजा. दोन, रेहान. तीन, पिंकी." बाराव्या मुलाच्या हातात बारावी सुई गेली की मगच दोऱ्याचा डबा उघडे. परत घेताना त्या नुसत्या मोजत नसत. सुया टोचून ठेवायच्या छोट्या उशीतली प्रत्येक सुई बाहेर काढत, नेढ्यापासून टोकापर्यंत दोन बोटांतून फिरवत आणि मग डब्यात ठेवत. मी बावीस वर्षं भोसरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. माल मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मोजलेल्या प्रत्येक नगाला हात लावून बघणारी फार थोडी.

त्या आमच्याच इमारतीत, संत तुकाराम नगरात, तळमजल्यावर राहत. चाकणजवळच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन पिंपरीत आल्या. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं मशीन चालवलं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी चार ते सहा त्या इमारतीतल्या मुलांना भरतकाम शिकवू लागल्या. त्यांची एकच खोली, म्हणून वर्ग आमच्या हॉलमध्ये भरे. दहा बाय चौदाच्या खोलीत सतरंजीवर बारा मुलं दाटीवाटीने बसत. नवी मुलं मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालत. त्या कापडाला बारीक चौकोन असतात. ते मोजायचे आणि फुल्या घालत जायच्या. मला शिवणातलं काही कळत नाही, पण हे मोजायचं काम आहे म्हटल्यावर वर्गाबद्दल माझं मत चांगलं झालं.

मावशींचा एक नियम होता. "पैला नग घरात ठेवायचा न्हाई." मुलाने केलेली पहिली वस्तू, रुमाल असो की पुस्तकातली खूण, कुणाला तरी देऊन टाकायची. पिंकीने आपली खूण पाण्याच्या टँकरवाल्याला दिली. तो म्हणाला, "ताई, मी पुस्तक वाचत न्हाई, पण गाडीत लावतो." त्याने ती आरशाला बांधली आणि पुढे पिंकी टँकर आला की धावत खाली जायची.

दुसरा नियम कारखान्यातून आलेला. तिथे सुई मोडली की अख्खी लाइन थांबे. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडून कागदावर चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नसे, कारण एखादं टोक सीटमध्ये राहिलं तर ते बसणाऱ्याच्या अंगात जायचं. मावशींनी तेच इथे चालवलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या तुकडे चिकटपट्टीने लावत आणि खाली तारीख लिहीत. मी एकदा सुचवलं, "मावशी, शेजारी मुलाचं नाव लिहीत जा. कोण जास्त मोडतंय ते कळेल."

"नाव कशापायी? सुई मोडली, पोर न्हाई मोडलं."

"पण मग जबाबदारी कशी येणार?"

"भाऊ, रागावलं की सुई लपती." एवढं बोलून त्या दोरा ओवायला लागल्या. मला ते तेव्हा पटलं नाही.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी माझी धाकटी बहीण मनीषा अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. बायको लग्नाला गेली होती. बाळ नव्यानेच रांगायला लागलेलं. मुलांच्या मधूनच फिरत होतं. पावणेसहाला मावशींनी सुया परत घ्यायला सुरुवात केली. उशीवर बारा नेढी दिसत होती. मला विचारलं असतं तर मी बारा सांगून मोकळा झालो असतो. मावशींनी नववी सुई काढली आणि त्यांचा हात थांबला. ती अर्धीच होती. मोडलेलं तोंड उशीत खुपसून ठेवलेलं होतं.

"एक मोडलीय. टोक कुनाकडं हाय, बाळांनो?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात मनीषा किंचाळली. बाळाच्या हनुवटीवरून लाल लाळ गळत होती.

मावशी तीन ढांगांत तिथे पोचल्या. बाळाच्या तोंडात बोट घालून त्यांनी भिजलेली लाल दोऱ्याची लडी बाहेर ओढली. "रगात न्हाई, पोरी. दोऱ्याचा रंग हाय."

"पण दोऱ्याबरोबर ते टोक गेलं असेल तर? दादा, गिळलं असेल तर?" मनीषाने चपला पायात घातल्या. "मी एक्स-रे काढायला चालले. रिक्षा बघ."

मी रिक्षा बघायच्या ऐवजी मुलांकडे वळलो. "कोणाच्या हातची सुई आहे? खरं सांगा! आत्ताच्या आत्ता!" बारा माना खाली गेल्या.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "तुम्ही सैपाकघरात जावा. च्या ठेवा."

"चहा? मावशी, इथे बाळाच्या—"

"ठेवा म्हनते ना. मनीषा, दोन मिनिटं दे मला. दोनच."

मी गेलो. गॅस पेटवला नाही. दाराआड उभा राहिलो. मावशींचा आवाज रोजच्यासारखाच येत होता. "कारखान्यात माझी सुई मोडली व्हती एकदा. सुपरवायझर लई तापट. मी टोक लपिवलं, पोलक्याच्या शिवणीत. आन् गप बसले. मंग दोनशे कव्हरं उसवली सगळ्या बायांनी. दोन दिस. टोक माझ्यापाशी हाय, मला म्हाईत हाय, पन त्वांड उघडंना. तिसऱ्या दिशी सांगितलं. त्या सुपरवायझरपरीस त्या बायांची लाज वाटली मला. आता ज्याच्यापाशी टोक हाय त्याला मी रागवंन व्हय?"

मग माझ्या मुलीचा, दहा वर्षांच्या अनुजाचा आवाज आला. "मावशी, बाबांना नाही ना सांगणार?"

आधीच्याच आठवड्यात तिने कंपासपेटी हरवली होती. मी तिला समोर बसवून वर्षभरात हरवलेल्या वस्तू वाचून दाखवल्या होत्या: डबे तीन, छत्र्या दोन, कंपासपेटी एक. एकूण सहा. मला वाटलं होतं, आकडे ऐकले की सुधारेल.

"मी न्हाई सांगनार," मावशी म्हणाल्या. "तूच सांग. आदी टोक दे."

अनुजाने नव्या कंपासपेटीतलं खोडरबर आणलं. टोक त्यात रुतवलं होतं. शाळेच्या दप्तराच्या जाड पट्ट्यावर तिला फूल भरायचं होतं. सुई निघेना, म्हणून आत जाऊन माझी पक्कड लावून ओढली, तेव्हा ती मोडली. मनीषाने श्वास सोडला. "सापडलं ना? मग झालं."

मी मात्र बाहेर येऊन पट्टी काढली. ही माझी सवय. अख्खी सुई चाळीस मिलिमीटर. नेढ्याकडचा तुकडा तेवीस. टोक अकरा. बेरीज चौतीस. मी पुन्हा मोजलं. चौतीसच.

"सहा मिलिमीटर कमी आहे," मी म्हणालो.

मनीषा परत दाराकडे धावली. अनुजा रडायला लागली. "दोनच तुकडे झाले, बाबा! शप्पथ दोनच!" ती खोटं बोलत नव्हती. तिला तिसरा तुकडा झालेला कळलाच नव्हता.

"भाऊ, लई चांगलं क्येलं मोजलं ते," मावशी म्हणाल्या आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं, वाटीएवढं. त्यांनी ते सतरंजीवरून ओळीओळीने फिरवलं, शेत नांगरावं तसं. दोन टाचण्या आल्या, केसातली एक पिन आली. तुकडा आला नाही. मनीषा दारातून म्हणाली, "मी थांबत नाही आता."

"दप्तर आन बाळा," मावशी अनुजाला म्हणाल्या. चुंबक पट्ट्यावरून सरकलं आणि त्या फुलाच्या तिसऱ्या पाकळीपाशी 'टिक' असा बारीक आवाज झाला. दोन टाक्यांच्या मधोमध, कापडाच्या पोटात, तुकडा अडकला होता. मी मोजला. सहा.

मनीषा चपलांसकट सतरंजीवर बसली आणि बाळाला छातीशी धरून रडली, मग हसली. बाळ लाल ओठांनी सगळ्यांकडे बघत होतं. मावशींनी तिन्ही तुकडे शेजारी शेजारी चिकटवले आणि खाली फक्त तारीख लिहिली.

अनुजा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, सुई मी मोडली. टोक मी लपवलं." किती वेळा सांगितलं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मावशी चिकटपट्टी दाताने तोडता तोडता माझ्याकडे बघत होत्या.

"कुठे टोचलं नाही ना?" मी विचारलं.

"अंगठ्याला. थोडंसं." तिने अंगठा दाखवला. त्यावर वाळलेला रक्ताचा ठिपका होता. तासभर तिने तो मुठीत झाकला होता.

दोन वर्षांपूर्वी मावशी मुलाकडे वाकडला राहायला गेल्या. चौदाव्या मजल्यावरून फोन करतात. "इथं लिफ्टमदी कुनी कुनाशी बोलत न्हाई, भाऊ. दोन पोरी गाठल्यात मी शिकवाया. हुईल समदं." जाताना सुयांचा डबा, उशी आणि चुंबक त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"मावशी, मला एक टाका घालता येत नाही."

"टाका पोरं एकमेकांचं बगून शिकत्यात. सुया मोजाया मानूस लागतो. आन् गप बसाया."

तेव्हापासून रविवारी सुया मीच वाटतो. पहिल्या पहिल्या रविवारी मुलांचे पालक दारात थांबून हसायचे. या वर्षी मुलं चौदा आहेत, आणि आतापर्यंत पाच सुया मोडल्या. त्यातल्या दोन अनुजाच्या. पाचही वेळा, मी मोजायला सुरुवात करण्याआधीच कुणीतरी उठून माझ्याजवळ आलं आणि तळहात उघडून तुकडे दाखवले.