वाटेला लावलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी काय सांगायचं बाकी ठेवतो?

जोगेश्वरीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाचा दिवाळी अंक मी काढतो. निवृत्त मराठीचा मास्तर. दुसऱ्याच्या लिखाणावर लाल पेन चालवायची खाज काही जात नाही. सात वर्षांपूर्वी सुलभाताईंनी आयुष्यातला पहिला लेख आणून दिला. त्या मूळच्या कणकवलीकडच्या, मरोळला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करतात. गाव सोडून मुंबईला निघाल्या त्या सकाळची दोन पानं होती. शेवटचं वाक्य — ‘आईने मला वाटेला लावलं.’

मला हसू आलं. मुंबईत रोज कुणाची ना कुणाची वाट लागते. लोक इथेही फिदीफिदी हसतील, असं मीच ठरवून टाकलं. त्यांना विचारलं का? नाही. खोडलं, आणि वर लिहिलं — ‘आईने साश्रू नयनांनी मला निरोप दिला.’ फार खूश होतो स्वतःवर.

अंक निघाला तशा त्या आल्या.

“सर, आई काय बोललीच नव्हती ना. रडली पण नाय. नुसती चालत आली सोबत, पार तिठ्यापर्यंत. आमच्याकडे त्यालाच वाटेला लावणं म्हणतात.”

आणि मी — साठी उलटलेला माणूस — म्हणालो, “प्रेसवाल्यांनी घोळ घातला.”

हेच ते. शब्द बदलला ती चूक होती. हे खोटं होतं. त्या “असू दे” म्हणाल्या आणि लिहायच्या थांबल्या. दरवर्षी मी लेख मागायचो, त्या हसून टाळायच्या.

गेल्या वर्षी माझी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. तिची बॅग घेऊन नाक्यावरच्या रिक्षापर्यंत गेलो. जन्मभर मराठी शिकवलेली — तोंडातून एक शब्द फुटेना. रिक्षा वळली आणि मला ते खोडलेलं वाक्य आठवलं. मी आत्ता काय केलं, ते मला त्या वाक्याने सांगितलं. लाज वाटली. पण धीरही आला, खरंच आला.

यंदा सुलभाताईंनी आपणहून लेख दिला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय — ‘प्रेसवाल्यांना सांगा, शब्द बदलू नका.’

त्यांना ठाऊक आहे? कधीपासून? मी विचारलेलं नाही.

त्यांचा लेख जसाच्या तसा छापतोय. त्याच्या पुढच्या पानावर हे. दोन्हींची प्रुफं आज त्यांच्याकडे पाठवली आहेत, सोबत माझं लाल पेन.