भट्टीवरच्या ताई

कारखान्याच्या प्रयोगशाळेत छोटी भट्टी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. सव्वीस वर्षं त्या कार्बन मोनॉक्साइडचे सिलिंडर जोडत, गळती तपासत आल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि बालंट आलं.

भट्टीतला उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारी भुकटी, महिन्यात तिसऱ्यांदा निकामी झाला. तपासणीत त्यावर लोखंड सापडलं. आलं कुठून? नव्या साहेबांनी उत्प्रेरकाच्या कपाटाची किल्ली ताईंकडून काढून घेतली.

"संशय नाही हो, फक्त खबरदारी."

"किल्ली घेतलीत ना साहेब, मग शब्द कशाला गोड करता?"

घरी नवऱ्यानंही विचारलं, "तुझ्या हातून चुकून काही पडलं तर नाही ना?" ताईंचा घास हातातच राहिला.

मग त्याही संशय घेऊ लागल्या. भांडारवाला दिवसातून दोनदा का डोकावतो? त्याच्यावर त्यांनी आठवडाभर डोळा ठेवला. हाती काही लागलं नाही. पण भट्टीची काचनळी धुताना, जिथं ती तापते नेमका तिथंच, काळसर डाग दिसला. घासूनही जाईना. ताईंनी सिलिंडरची चिठ्ठी वाचली. तो चौदा महिने भांडारात पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना भट्टीपाशी उभं केलं. नवी नळी, आत काही नाही, नुसता वायू सोडून तापवली. तासाभरात तसाच डाग धरला.

"किल्ली तुमच्या खिशात आहे. आता बोला."

डाग लोखंडाचाच निघाला. साहेबांचा चेहरा उतरला. ते सांगू लागले,

"हा वायू पोलादी सिलिंडरच्या भिंतीतलं लोखंड हळूहळू उचलतो, जितका पडून राहील तितकं जास्त. वायूतला कार्बन लोखंडाला इलेक्ट्रॉन देतो, लोखंड आपले काही उलट त्याला देतं. दोन्हीकडून पकड, म्हणून ते वायूबरोबर वाहत येतं. तापलं की पकड सुटते, लोखंड मागे राहतं."

"म्हणजे देवाणघेवाण त्यांची आणि बोल मला!"

साहेबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. ॲल्युमिनियमचा सिलिंडर आला आणि भुकटी टिकली.

ताईंना मात्र चैन पडेना. त्या भांडारात गेल्या.

"भाऊ, आठवडाभर मी तुझ्यावर पाळत ठेवली होती."

"ठाऊक आहे ताई. साहेबांच्या सांगण्यावरून मीही तुमच्यावर ठेवली होती. म्हणून तर डोकावत होतो."

दोघं हसले. पण ताईंचं हसू लवकर विरलं. उरलेली दोन वर्षं त्या कुणी दारात उभं राहिलं की आधी वळून बघत.