हळू बोलण्याची शाळा

बोलताना तो मान वळवून डावा गाल पुढे करायचा. चहासुद्धा डाव्या गालानंच मागायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "क्यामेऱ्याले हेच बाजू पटते, मास्तर." तुम्ही-आम्ही काय बोलणार! आमच्या वडसा गावात तोवर लग्नाचे फोटो काढणाऱ्याचाच काय तो क्यामेरा, आणि त्यानं ह्याचा फोटो समोरून काढला होता.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्या नाटकमंडळीत तो खलनायक. मी शाळेत मास्तर आणि हिवाळ्यात मंडळीचा प्रॉम्प्टर. लाउडस्पीकरचे भोंगे अजून यायचे होते, पण ह्याचा आवाज मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, शेवटच्या बैलगाडीपर्यंत जायचा. त्या गाडीत त्याची आई बसायची. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले. "मले दिसत नाई, पर पोरगा आयकू येते," असं ती कौतुकानं सांगायची.

एकदा चिवड्याच्या पुडीच्या कागदावर त्याला जाहिरात दिसली. मुंबईत म्हणे सिनेमाचं काम शिकवणारी शाळा निघाली होती. "जाऊ का नको, मास्तर? शिकून काई होते का?" हेच तो गावभर विचारत सुटला.

आमच्याकडे धानाहून सल्ल्याचं पीक भारी. धानगिरणीवाला म्हणाला, "मासोळीले पोहाले शिकवतेत का गा?" लाकडाच्या ठेकेदारानं जन्मात एक सिनेमा पाहिला होता, त्यातही तो झोपला होता. तो म्हणाला, "शाळा फालतू. तिथी ओळख लागते." मी म्हणालो, शिक्षण कधी वाया जात नाही. सरकार मला पगार देत होतं ते हेच म्हणायला. आईनं तेवढं विचारलं, "तिथी का शिकवतेत?"

"बोलाले."

"मंग एवढे दिवस का मुका होता?"

तरी गेला. पुढच्या दिवाळीला परतला तो बारीक मिशी आणि आमच्याबद्दलचं मत घेऊन. "तुमी सारे लय वरडता." राग डोळ्यांत ठेवायचा आणि शब्द ओठांत, असं शाळेनं शिकवलं होतं. सिनेमाचं काय, विचारलं तर म्हणायचा, "बोलावणं येऊन राह्यलं." ते बरेच महिने येऊनच राह्यलं होतं.

मंडईत नाटक लागलं. हा आला, डावा गाल दाखवला, एक भुवई उचलली आणि कुणाला तरी ठार मारायची धमकी दिली. कुणाला, ते माझ्या हातात पुस्तक होतं म्हणून मला कळलं. "जोरानं बोल गा!" मागून ओरडा झाला. हा आणखी हळू, आणखी परिणामकारक. लोक कान टवकारून गप्प झाले. त्या शांततेत शेवटच्या गाडीतून म्हातारी म्हणाली, "माहा पोरगा कवा येते गा?"

मंडप हसला. त्यानं मात्र तोंड सरळ समोर केलं आणि पोटातून आवाज काढला, "माय, मी आलो!"

पुस्तकात हे वाक्य नव्हतं. मी येड्यासारखा पानं उलटत बसलो. तिकडून उत्तर आलं, "हं, आता कसा!" मग शेवटपर्यंत तो जुन्याच आवाजात बोलला. सहा महिन्यांची शाळा अशी पाण्यात गेली, असं मला वाटलं.

पण मास्तरांना काय कळतंय! उन्हाळ्यात मुंबईहून खरंच बोलावणं आलं. काम लहान, पण सिनेमातलं. त्याचं हळू बोलणंच तिथं कुणाला तरी आवडलं होतं. "म्या म्हणलंच होतं," असं ठेकेदार लगेच म्हणाला. हा मात्र गेला नाही. "मी बंबईत बोललो तर तिले आयकू येईन का?" एवढंच म्हणाला, आणि हिवाळ्यामागून हिवाळे आमच्यात ओरडत राहिला. मला फार वाईट वाटायचं. त्याला तसं सांगितलं की तो विषय बदलायचा.

म्हातारी गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मुंबईला जायला आगगाडीत बसला. आता त्याला कुणाचं बोलावणं नव्हतं. त्यानंतर तो ना कुठल्या पडद्यावर दिसला, ना वडशात. मी स्टेशनवर गेलो होतो. खिडकीतून तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. त्यानं आवाज तसूभरही चढवला नाही.

"आता हळू बोललं तरी चालते, मास्तर."