पाय मोडला तरी रांगत या

शुभा देवस्थळी अमेरिकेतल्या बॉथेल गावी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. उंदरांचे पिंजरे साफ करायचे, रक्ताच्या नळ्या लावायच्या, मेलेल्या जनावरांचे नमुने काढायचे, आणि मग हात धुऊन शांतपणे डबा खायचा. हिला कशाचीच किळस वाटत नाही, असं तिचा नवरा सत्यजित चारचौघांत कौतुकाने सांगायचा. ते खरं नव्हतं. तिला माणसांची किळस यायची, आणि आली की ती चेहऱ्यावर लपत नसे.

डोंगरांशी तिचा संबंध जडला तो एका फोनमुळे. २००१ च्या ऑक्टोबरात ईशान नावाचा अमरावतीचा एक विद्यार्थी कॅस्केड्सच्या डोंगरात एकटाच गेला आणि परत आला नाही. पाचव्या दिवशी सापडला, पायवाटेखालच्या घळीत, मांडीचं हाड मोडलेला. पडल्यावर दोन दिवस तरी तो जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाच्या, ऑफिसने मराठी बोलणारं माणूस शोधलं आणि ते काम शुभावर आलं. सगळं ऐकून झाल्यावर पलीकडून आईने एवढंच विचारलं, "दोन दिवस तो काय करत होता हो?"

पुढच्या वसंतात शुभाने शेरीफच्या शोधपथकात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. वय एकोणचाळीस, उंची पाच फूट एक इंच. पहिल्या वर्षी तिचा पाय तीन वेळा मुरगळला. पण नकाशा वाचण्यात तिचा हात धरणारं पथकात कोणी उरलं नाही.

२००३ साली साध्या गिर्यारोहकांनाही उपग्रहाचा बीकन वापरायची परवानगी मिळाली, तेव्हा गावातल्या मराठी मंडळाच्या मागे लागून दोन बीकन घ्यायला लावले ते शुभानेच. मुठीत मावेल असा पिवळा डबा. अँटेना उघडायची, बटण दाबायचं. हाक उपग्रहाकडे जाते, तिथून शेरीफकडे, आणि शेरीफकडून शुभासारख्यांच्या पेजरवर. फक्त कोणाला काय झालंय ते त्यातून कळत नाही. कोणीतरी मरतंय असं धरूनच निघावं लागतं. हे सगळं तिने मंडळात नीट समजावून सांगितलं होतं. ज्याला ट्रेकला जायचंय त्याने एक बीकन न्यायचा, आल्यावर परत करायचा.

ऑगस्ट २००६ मधल्या एका शनिवारी दुपारी पेजर वाजला. नोंदणीवरून कळलं, बीकन मंडळाचाच होता आणि नेला होता राजीवने. राजीव मंडळाचा खजिनदार, एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. तीन मित्रांना घेऊन तो दोन दिवसांसाठी वरच्या तळ्यावर गेला होता. ढग खाली उतरलेले, त्यामुळे हेलिकॉप्टर निघू शकत नव्हतं. सात जण चालत निघाले. पाठीवर स्ट्रेचर, दोर, ऑक्सिजन. सगळ्यात पुढे वॉल्टर, शाळेची बस चालवून रिटायर झालेला बासष्ट वर्षांचा माणूस. शुभाला दोराच्या गाठी त्यानेच शिकवल्या होत्या. घाईघाईत ओल्या दगडांचा एक ओढा ओलांडताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा आडवा वळला. तो आवाज शुभाने ऐकला. दोघांना त्याच्याजवळ ठेवून बाकीचे चार जण पुढे गेले.

साडेतीन तासांनी तळं आलं. तंबूसमोर चौघे जण मांडी घालून रमी खेळत होते.

"अरे, शुभाताई!" राजीव हसत उठला. "तुम्हालाच पाठवलं? ग्रेट यार! आम्हाला वाटलं हेलिकॉप्टर येईल."

"कोणाला काय झालंय?"

"तसं झालं काही नाही. फिल्टर जॅम झाला, आणि ओढ्याचं पाणी जरा विचित्र लागतंय. नरेंद्रला ब्लिस्टर्स आलेत. त्याच्या चालीने उतरायला सात तास लागणार, आणि मला मंडेला सकाळची फ्लाइट आहे. म्हटलं रिस्क कशाला घ्या, दाबून टाकू."

शुभाने आजूबाजूला पाहिलं. पाण्यात भाकरवडीची पाकिटं तरंगत होती. तंबूपासून दहा पावलांवर, तळ्याच्या अगदी काठाला, दगडाखालून टॉयलेट पेपर डोकावत होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. ह्याच तळ्यातून तो ओढा निघत होता. तिला तोंड फिरवावं लागलं. लॅबमध्ये असं कधी झालं नव्हतं.

"ते सगळं उचला आणि पिशवीत भरा. मग उतरायचं," ती म्हणाली. "चालत."

"शुभाताई, नरेंद्रचे पाय..."

"माझ्या माणसाचा गुडघा गेलाय तुमच्यापायी. चालत."

उतरताना राजीव मधून मधून इंग्रजीत पथकाचे आभार मानत होता, कौतुकाने स्ट्रेचरचं वजन विचारत होता. वॉल्टरजवळ पोचल्यावर त्याने वाकून त्याचा फोटो काढला.

त्याच फोटोवर गोष्ट पेटली. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, राजीवने पडद्यावर ट्रेकचे फोटो दाखवले. तळं, तंबू, स्ट्रेचरवर वेदनेने तोंड वाकडं केलेला वॉल्टर. "आमचे रेस्क्यूअर! आम्हालाच त्यांना रेस्क्यू करायला लागलं," असं म्हणून त्याने हशा पिकवला. "पण सिस्टिम बघा काय आहे ह्या देशात. एक बटण दाबलं की झालं!"

प्रसादाची वाटी हातात घेऊन बसलेली शुभा उठली. माईक मागायला ती थांबली नाही.

"वॉल्टरला ह्या जन्मात पुन्हा डोंगर चढता येणार नाही," ती म्हणाली. "आणि हे चार घोडे पत्ते खेळत होते. स्वतःच्या घाणीचं पाणी विचित्र लागलं म्हणून माणसं बोलावली ह्यांनी. थू! अरे, डोंगरात जायची हौस आहे ना? मग पाय मोडला तरी रांगत या, पण ते बटण दाबू नका. थोडी तरी लाज वाटू दे."

मागच्या रांगांमधून टाळ्या आल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शशिकांत आणि त्याची बायको रेणू ही दोघं होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून नोकरी बदलून महिन्यापूर्वीच ते बॉथेलला आले होते. शशिकांत मितभाषी, वेळेच्या आधी पोचणारा, कोणाला आपला त्रास होऊ नये म्हणून जपणारा माणूस. घरी जाताना तो रेणूला म्हणाला, "बाई बोलली ते शंभर टक्के खरं."

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ही दोघं एका दिवसाच्या ट्रेकला गेली. मंडळाचा बीकन पाठपिशवीत होता. उतरताना दुपारी ओल्या ओंडक्यावरून शशिकांत घसरला. घोट्याचं हाड कातडीतून बाहेर आलं. गाडी पाच मैलांवर, फोनला रेंज नाही, पाऊस सुरू झालेला.

"मी दाबते," रेणूने बीकन काढला.

शशिकांतने तो तिच्या हातातून घेतला. "नको. पाय मोडलाय फक्त. मी मरत नाहीये. कोणीतरी वर येताना पडलं तर? हळूहळू जाऊ."

तो खरोखर रांगला. अंधार पडेपर्यंत जेमतेम अर्धा मैल झाला. रेणू रडली, भांडली. तो डबा छातीशी धरून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा तिने त्याची बोटं उलगडून बीकन काढून घेतला आणि दाबला. ढग नव्हते. हेलिकॉप्टर दीड तासात आलं. तोवर जखमेत माती जाऊन सडायला सुरुवात झाली होती, आणि पाचव्या दिवशी त्याचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

शुभाला हे कळलं तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये गेली. कॉरिडॉरमध्ये रेणू एकटी उभी होती. "मी त्याला म्हटलं होतं," शुभाकडे न बघता ती म्हणाली. "तो म्हणाला, शुभाताई म्हणाल्या होत्या ना, पाय मोडला तरी रांगत या."

तेवढ्यात फुलांचा गुच्छ घेऊन राजीव आला. त्याने मान हलवली, आवाज खाली आणला. "म्हणूनच मी सांगत होतो, शुभाताई. डाउट असेल तर दाबून टाकायचं."

ह्या माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य आज खरं ठरत होतं, ह्याचाच शुभाला सगळ्यात जास्त उबग आला. मग तिला स्वतःचा आवाज आठवला, ती "थू", त्या टाळ्या, आणि टाळ्या ऐकून आपल्याला किती बरं वाटलं होतं ते.

घरी सत्यजित म्हणाला, "तू रागात बोललीस. एवढं लिटरली कोण घेतं?"

"चांगली माणसं घेतात," शुभा म्हणाली. "राजीवसारखी घेत नाहीत. त्यांच्यासाठी बोलले आणि लागलं भलत्यालाच."

२००८ च्या एप्रिलमध्ये तिने मंडळात पुन्हा वर्ग घेतला. आधी माफी मागितली, नाव घेऊन, शशिकांतची. तो आला नव्हता. रेणू आली होती, शेवटच्या रांगेत, कोट न काढता. मग शुभाने सांगितलं ते साधं होतं. स्वतःच्या पायाने किंवा सोबत्याच्या खांद्यावर गाडीपर्यंत पोचता येत असेल तर चला. येत नसेल, आणि वाट बघण्यात जीव किंवा हात-पाय जाण्याची भीती असेल, तर लगेच दाबा. अंधार पडायच्या आत. हवा चांगली असेतो. थकवा, फोड, चुकलेली फ्लाइट ह्यांना औषध म्हणजे बसणं, खाणं आणि चालणं.

राजीव पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होता. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघताना शुभाला अजूनही किळस येत होती. ती गेली नाही, आणि जावी असंही तिला वाटलं नाही.

अस्मिता नावाच्या एका मुलीने हात वर केला. ती नुकतीच पुण्याहून शिकायला आली होती. "काकू, मैत्रिणीच्या पोटात जोरात दुखायला लागलं, उभंच राहता येत नाही, आणि गाडी आठ मैल लांब आहे. तर?"

"दाबायचं."

"आणि तुम्ही वर आल्यावर नुसता गॅस निघाला तर?"

दोघी-तिघी हसल्या. शुभा हसली नाही. "तर मी तिला गरम पाणी देईन आणि खाली आणीन."

"चिडणार नाही?"

"चिडेन कदाचित. पण तोंड बंद ठेवीन."

मागच्या रांगेत रेणूने कोटाची बटणं काढली आणि पिशवीतून वही बाहेर घेतली.