झाडलेला पाणवठा

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा शिवणकाम करायची. ब्लाउज बेतावा तर तिनेच. मग जंगल खात्याने गावातल्या एखाद्या बाईला प्रशिक्षणाला पाठवा म्हणून सांगितलं, कोणी जाईना, तेव्हा ही गेली. परत आली ती वेगळीच बाई. ज्या टेपने आमच्या कमरा मोजायची, त्याच टेपने पाणवठ्यावर ओणवी होऊन जनावरांचे ठसे मोजायला लागली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मीही लावला, खोटं कशाला बोलू?

पण हिचं वेड काही उतरेना. आमच्या पडवीत तिची शाळा सुरू झाली. गवत किती कापायचं, कुठल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, रानडुकरं पिकात शिरली तर फास न लावता ती कशी परतवायची, आणि ठशावरून जनावर कसं ओळखायचं. आधी पुरुषमंडळी टिंगल करायला आली, मग शिकायलाच येऊ लागली. सासूबाई मात्र एकदाही बसल्या नाहीत. "मला काय करायचंय जनावरांच्या पायांशी?" असं म्हणत आतल्या दाराशी धान्य निवडत राहायच्या. शिकवणी संपेपर्यंत त्यांचं निवडून काही संपायचं नाही.

शेवटी खात्याने तपासणी ठरवली. तपासनीस येणार, धाकटीने तोंड उघडायचं नाही, आणि पाणवठ्यावरचे ठसे दाखवून गावातल्या कोणालाही विचारून बघणार. गावाला जमतंय असं दिसलं तर जंगल गावाच्या ताब्यात. नाहीतर सगळीकडून कुंपण, आणि धाकटीचं काम तिथेच बंद.

माझा जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच कारणाने. भाऊजी शहरात नोकरीला, तिथे त्यांनी खोली घेतलेली. धाकटीने त्यांना शब्द दिला होता, जंगल मिळालं नाही तर मी तिकडे येते. मी फटकळ बाई, माझ्याशी मनापासून भांडणारी आणि पुन्हा हसणारी घरात ती एकटीच. ती गेली असती तर मी बोलले असते कोणाशी? नवऱ्याशी? ते तर बातम्यांच्या वेळी हूं सुद्धा म्हणत नाहीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटीला खात्याच्या कचेरीत बोलावलं होतं. जाताना सांगून गेली, "पाणवठा जरा स्वच्छ ठेवा, पिशव्याबिशव्या पडलेल्या दिसायला नकोत." झालं. सासूबाईंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि खराटे घेऊन निघाल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांना कोण आवरणार? मी शेतावर होते, मला पत्ताच नाही.

संध्याकाळी धाकटीबरोबर मी पाणवठ्यावर गेले आणि आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. काठची सगळी माती झाडून, पाणी शिंपडून, हाताने सारखी केलेली. आठवडाभर जपलेले ठसे साफ पुसलेले. एक मुंगीही चालून गेल्याची खूण नव्हती. सासूबाई अजून खराटा घेऊन तिथेच उभ्या.

"आई, अहो, हे काय केलंत?" धाकटी एवढंच म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"स्वच्छ केलं," सासूबाई म्हणाल्या. "तूच सांगून गेलीस ना?" मग सुनेचा चेहरा बघितला आणि हातातला खराटा पाठीमागे लपवला. मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठी रडूही आलं.

सकाळी तपासनीस आले. त्यांच्यामागून आम्ही सगळे खाली माना घालून चाललो होतो. पाणवठा आला आणि पुढे चाललेला गावचा न्हावी, धाकटीच्या शाळेतलाच एक, तिथेच थांबला. झाडलेल्या मऊ मातीवर रात्रीतून सगळं रान पाणी पिऊन गेलं होतं. एकात एक मिसळलेलं काही नाही, प्रत्येक पाऊल कोऱ्या पाटीवर काढावं तसं. एरवी या काठावर इतका चिखलकाला असायचा की धाकटीलाही तासभर लागायचा.

तपासनिसांनी न्हाव्याला विचारलं. त्याने हरीण सांगितलं, साळिंदर सांगितलं, दोन्ही बरोबर. मग ते वळले ते थेट सासूबाईंकडे. "आजी, हा मोठा ठसा कोणाचा?"

धाकटीने डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी पदर सावरला, वाकल्या. "बिबट्या. नख उमटलेलं नाही, म्हणजे कुत्रं नव्हे. मादी असावी, बोटं निमुळती आहेत." मग थोडं पुढे जाऊन म्हणाल्या, "आणि हे बारके तिच्या पिल्लाचे. तेव्हा इकडे आता महिनाभर कोणी सरपणाला यायचं नाही. मी येऊ देणार नाही."

तपासनीस हसले. म्हणाले, "आता मी तरी काय विचारू? जंगल तुमचं."

धाकटी सासूबाईंच्या गळ्यात पडली. मी तर भर लोकांत रडले, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. डोळे पुसून धाकटीने तिथूनच भाऊजींना फोन लावला.

"मी येत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच या."