आबा आणि हलका घोडा

१८ जानेवारी, रविवार. पिठाची गिरणी बंद होती, म्हणून रायफलीची नळी साफ करायला काढली होती. तेलाची चिंधी सळीला गुंडाळत होते, तेवढ्यात धुळ्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, उद्या आमचे मोठे दीर आबांना पुण्याला नेताहेत. आता तिकडेच राहतील."

आबा म्हणजे नणंदेचे सासरे. या माणसाने आयुष्यात एकही वस्तू वापरून पाहिल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि त्यांना 'नाही' म्हणू शकेल असा दुकानदार अख्ख्या खानदेशात अजून जन्मलेला नाही. पलंग घ्यायला गेले तर दुकानातच दुपारची झोप काढली. उठले तेव्हा मालकाने चहा मागवला होता, आणि आबांनी त्याला सांगितलं की पलंग चांगला आहे पण दुकानात गोंगाट फार. छत्री घेताना दुकानासमोर उभे राहून वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं. नणंदेला बघायला आले तेव्हा पोह्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला गच्चीवर नेऊन म्हणाले, "गल्लीना टोकले भाऊ उभा शे ना? मार हाक." तिने अशी हाक मारली की शेजारच्या म्हशीने मान वर केली. लग्न तिथेच ठरलं. तरुणपणी त्यांना घोड्यांचा नाद होता, त्यातून ही खोड लागलेली. घोडा दात बघून घ्यायचा नसतो, पाठीवर बसून घ्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं, आणि हा नियम ते पलंगापासून सुनेपर्यंत सगळ्यांना लावत.

मी चाळिशी उलटल्यावर नेमबाजी सुरू केली. का, ते विचारू नका. काही बायका भजनाला जातात. आधी छऱ्याची बंदूक, मग पॉइंट टू-टूची रायफल, पालथं झोपून पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायची. अडचण एकच होती : मी डावखुरी. क्लबच्या रायफलीचा दस्ता उजव्यांसाठी घडवलेला, गाल टेकायचा उंचवटा नेमका माझ्या उलट्या बाजूला. गोळी भरायचा मागचा खटका, म्हणजे बोल्ट, तोही उजवीकडे. प्रत्येक गोळीनंतर तो उचलून ओढताना माझं सगळं अंग हलायचं आणि पुढची गोळी भलतीकडेच जायची. शिकवणारे सर शेवटी म्हणाले, "ताई, हात बदला, नाहीतर नाद सोडा." डावखुऱ्यांची रायफल बाहेरून मागवावी लागते आणि तेवढ्यात मी दुसरी गिरणी टाकली असती. त्यात परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत संपत आलेली. परवडणारी आणि जमणारी रायफल त्याआधी मिळाली नाही तर नाद सोडायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला बोलले नव्हते.

फक्त नणंदेला फोनवर एवढं म्हणाले होते, "क्लबच्या रायफलीचं सोड, मला हलका घोडा हवाय. तिचा फार जड आहे." घोडा म्हणजे चाप, बोटाने ओढायचा. पण फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे आबा बसले होते.

दोन दिवसांनी पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या फाटकाशी आबा, त्यांच्या ओळखीचा असोद्याचा एक माणूस आणि एक पांढरी घोडी अशी तिघं उभी. मी गिरणीतून पिठाने माखलेली बाहेर आले.

"अक्का, तुले जोयजे तशीच शे," आबा म्हणाले. माझ्याहून वयाने कितीतरी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. "हलकी शे, चावस नही. बठीसन दख."

मी सगळं समजावून सांगितलं. कॉलनी हसत होती. असोद्याचा माणूस कपाळाला हात लावून बसला. घोडीने तेवढ्यात माझ्या दळणाच्या डब्यात तोंड घातलं. आबा मात्र जराही वरमले नाहीत. "मंग बंदूक ते बंदूक. कोठे शे दुकान?"

दुकानदाराने काउंटरवर तीन रायफली मांडल्या. पहिली झगमगीत, परदेशी, तिच्याकडे मी बघितलंच नाही. दुसरी नवी, पण उजव्यांचीच. तिसरी जुनी, वापरलेली, सरळसोट लाकडी दस्त्याची. ती त्याने कोपऱ्यात सरकवली. "ही साधी आहे हो, हिला गालाचा उंचवटासुद्धा नाही."

"कोणत्याच बाजूले नही?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग हाई कोणासंगे वैर नही धरस. भाऊ, सतरंजी टाक."

दुकानदाराने सतरंजी टाकली. आधी आबा स्वतः पालथे झोपले. धोतर, टोपी, हातात रायफल. त्यांना उठवायला दोन माणसं लागली. मग माझी पाळी. "डोया मिट," ते म्हणाले. "आंगले सैल सोड. आते उघड. नळी कोठे दखस?" नळी समोरच्या कॅलेंडरवरच्या गणपतीच्या बरोबर कपाळावर होती. मी दचकून खाली घेतली. मिटून-उघडून पुन्हा केलं, दर वेळी नळी जिथे ठेवली होती तिथेच. मग दुकानदाराने खोटं काडतूस दिलं. बोल्टचा दांडा आखूड होता. डावा हात वरून पलीकडे नेऊन मी तो ओढला. गाल लाकडावरून हललासुद्धा नाही. चाप हलका होता.

मी म्हटलं, "सर म्हणतात, हात बदला."

"घोडावर बठ्ठं जग डावी बाजूथीन चढस, सगळं जग," आबा म्हणाले. "त्यासले कोणी सांगस का, बाजू बदला? चूक तुनी नही अक्का, त्या बंदूकनी शे."

लहानपणापासून माझ्या डाव्या हाताबद्दल खूप जणांनी खूप काही सांगितलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रायफल घेतली. स्वस्तात मिळाली, कारण दुकानदाराला आबा दुकानातून लवकर जायला हवे होते.

त्या रायफलीने मला पदकं वगैरे मिळवून दिलेली नाहीत. पण नाद सुटला नाही, आणि हात बदलला नाही. गेल्या महिन्यात सरांनी माझा एक कागद सगळ्यांना दाखवला आणि हात बदलण्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. आबांचे आभार मात्र मी कधी मानले नव्हते. आमच्याकडे ते मानायची पद्धत नाही, आणि मानले असते तर त्यांनी तेही तपासून बघितले असते.

म्हणून नणंदेचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी धुळ्याला गेले. आबा ओट्यावर बसले होते, सामान बांधलेलं. आता त्यांना फारसं दिसत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पिशवीतून तो कागद काढून मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, सावकाश, कडेपासून मधोमध, पुन्हा कडेपर्यंत.

"एकच भोक शे," ते हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं. "बाकीन्या गोळ्या कोठे ग्यात, अक्का?"

"आबा," मी म्हटलं, "बठ्ठ्या तठेच ग्यात."

त्यांनी बोट परत मधल्या भोकावर ठेवलं आणि गाडी येईपर्यंत काढलं नाही.