दोन किल्वर आणि माझे व्याही

माझ्या व्याह्यांइतका देवमाणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका वाईट ब्रिज-पार्टनर पार सांगलीपर्यंत शोधला तरी मिळायचा नाही. दुःख एवढंच, की दोन्हीचं कारण एकच आहे. व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या एका लेकीचे सासरे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कोरेगावजवळ ऊस करतात. फौजेत साहेबलोकांना चौथा गडी कमी पडला की यांना बसवत, तिथं ते ब्रिज शिकले. दर शनिवारी दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते साताऱ्याला येतात आणि आम्ही क्लबात जोडीनं खेळतो. पानं पडायला लागली की त्यांचा हात धरणारा कुणी नाही; कुठला पत्ता कुणाकडे उरलाय हे त्यांना बसल्या जागी दिसतं. घोटाळा सगळा त्याच्या आधी, बोली लावताना होतो.

त्याचं असं, की ब्रिजमध्ये समोरच्या पार्टनरची पानं दिसत नाहीत, बोलीतूनच एकमेकांना सांगायची. मी ‘एक नो ट्रम्प’, म्हणजे हुकुमाविना खेळू, असं म्हटलं, की माझा हात तगडा आहे आणि चारी रंग साधारण सारखे आहेत एवढं कळतं. मग पार्टनरनं ‘दोन किल्वर’ म्हणायचं. त्याचा किल्वरशी काडीचा संबंध नाही. तो प्रश्न आहे: बुवा, बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का तुझ्याकडे? असली तर त्या रंगाचं नाव घ्यायचं, नसली तर ‘दोन चौकट’ म्हणून हात वर करायचे. दोघांत मिळून आठ जमली की तो रंग हुकूम करायचा आणि बाजी मारायची. शेंबडं पोरसुद्धा चार दिवसांत शिकेल. व्याही मात्र आजतागायत मला दोन किल्वर म्हणालेले नाहीत. एकदा न राहवून, आवाजात होईल तितकं लोणी घालून मी कारण विचारलं, तर म्हणाले, “पाव्हणं, पोरीच्या बापाला ‘तुमच्याकडं काय हाय’ म्हणून इचारायचं? आमच्या घरात कवा झालं न्हाई त्ये.” दुसरा कुणी असता तर भर क्लबात त्याचे कान उपटले असते. पण मी पडलो मुलीचा बाप. हसलो, आणि पुढची पानं वाटली.

लग्नातही या गृहस्थानं हेच केलं होतं. मागणं सोडाच, आमच्या मांडवात पाणीसुद्धा स्वतः उठून घेतलं. पुढं एकदा ते जेवायला आले असताना आमची ही आमटीत मीठ घालायला विसरली, तर या माणसानं मीठ न मागता दोन वाट्या आमटी संपवली आणि वर “लय ब्येस झालीया” म्हणून गेले! आणि मागायचं नाही तसं नाही म्हणायचंही नाही. त्यांच्या गोठ्यात मी सहज म्हणालो, “म्हैस काय देखणी आहे हो!” पुढच्या शनिवारी ती म्हैस टेम्पोतून आमच्या फ्लॅटखाली हजर. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. “अहो, मी मागितली नव्हती,” म्हणून हात जोडले, तर म्हणाले, “तोंडानं न्हाई मागितली, डोळ्यानं मागितली.” ती परत चढवताना सगळी सोसायटी गॅलरीत उभी होती.

आता हाच माणूस नो ट्रम्प म्हणतो आणि मी दोन किल्वर विचारतो तेव्हा काय होत असेल? उत्तर नेहमी ‘आहे’. चार असोत, तीन असोत, मुलीच्या बापानं तोंड उघडलंय म्हटल्यावर त्याला नुसत्या चौकटीवर कसं पाठवायचं! गेल्या वर्षी सांगलीच्या स्पर्धेत त्यांनी असंच ‘दोन बदाम’ ठेवलं. विरोधकांनी नियमाप्रमाणे मला अर्थ विचारला. मी म्हणालो, “पुस्तकाप्रमाणे चार बदाम. व्याह्यांप्रमाणे माझा मान.” त्यांच्याकडे तीनच निघाले, दहा हात करायचे ते आठ झाले, आणि नंबर गेला.

येताना कराडच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मला त्या दिवशी खरं तर वेगळंच विचारायचं होतं. लेकीला बेंगळुरूला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, तीन वर्षांची. जावई फौजेत, सीमेवर. विहीणबाई जाऊन चार वर्षं झालेली. म्हणजे घरात व्याही, माझी लेक आणि आमची नात. नातीची वेणी घालणं, तिला बालवाडीत सोडणं, उसातून खांद्यावर फिरवणं, सगळं व्याह्यांकडे. लेक मला म्हणाली होती, “अण्णा, तुम्हीच विचारा. मला ते नाही म्हणायचे नाहीत, आणि मनातलं कळायचं नाही.” आणि मला कळणार होतं होय? पण विचारलं. नातही तिच्याबरोबरच जाईल, हेही सांगितलं.

“व्हय की,” व्याही म्हणाले. “जाऊ द्या पोरीला. शिकू द्या.” लगेच म्हणाले. एक क्षण थांबले असते तर मला बरं वाटलं असतं. मग बशीतला चहा तसाच ठेवून त्यांनी मघाचा बदामाचा डाव काढला आणि मी कुठलं पान आधी खेळायला हवं होतं ते मला समजावून सांगितलं.

जूनमध्ये माय-लेकी गेल्या. व्याही अजून दर शनिवारी येतात, हल्ली सकाळीच येतात. “घरी काय काम न्हाई,” म्हणतात. दुपारी आम्ही क्लबात बसतो. ते नो ट्रम्प म्हणाले की मी हातातली बदामाची चार पानं बघतो, इस्पिकची चार बघतो, आणि काही न विचारता सरळ तीन नो ट्रम्प ठेवतो. जमलेला रंग हातचा जातो, बाजूची मंडळी हसतात, आम्ही हरतो. हरू दे. त्या माणसाला आता आणखी काही विचारायला माझा जीव धजत नाही.